विणकामाच्या डब्यात काय असावं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दिवाळी झाली की वावरात कापसाची वेचणी जोरात असते आणि घरोघरी संध्याकाळच्या वेळी लोकरीच्या पिशव्या बाहेर निघतात. उन्हाळ्यात लोकर हातात धरवत नाही. तेव्हा क्रोशाची सुई आणि सुती दोरा निघतो आणि लग्नसराईतल्या रुखवतासाठी रुमाल, तोरणं, झालरी तयार होऊ लागतात. मी बरीच वर्षं विणकामाचे वर्ग घेते. नवी मुलगी आली की विचारते, "बाई, कोणती लोकर आणू?" डब्यात आणखी काय काय लागेल, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. आज त्या डब्याविषयीच बोलायचं आहे.

उसवलेली लोकर पुन्हा गुंडाळून वापरता येते. उसवलेल्या रांगांना लागलेले तास मात्र परत मिळत नाहीत. डब्यातल्या छोट्या वस्तू हे तास वाचवतात, म्हणून त्यांची किंमत. आणि गंमत अशी की यांतल्या निम्म्या वस्तू आपल्या घरात आधीच असतात.

सुरुवात सुयांच्या नंबरापासून करू. आपल्याकडच्या दुकानांत चालत आलेली नंबरांची पद्धत जुनी ब्रिटिश आहे. तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटर जाडीची, तर आठ नंबरची चार मिलिमीटरची. अमेरिकेत नेमकं उलट. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते, आणि तिथली आठ नंबरची सुई पाच मिलिमीटरची असते. आता मोबाइलवर परदेशी नमुने बघून विणणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. नमुना अमेरिकेतला आणि सुई यवतमाळच्या दुकानातली, असं झालं की बाळाचा स्वेटर बाहुलीला होतो. म्हणून नंबरावर जाऊ नका, मिलिमीटर बघा. सुया मोजायची भोकं असलेली प्लास्टिकची पट्टी मिळते, ती एकदाच घेऊन ठेवा. जुन्या सुयांवरचा नंबर घासून गेलेला असतो, तेव्हा ही पट्टी कामाला येते. सुई ज्या सर्वांत लहान भोकातून जोर न लावता जाते, ते तिचं माप. मोजायचा तो सुईचा सरळ भाग. टोक मोजू नका आणि क्रोशाच्या सुईचा आकडाही मोजू नका.

क्रोशात आणखी एक घोळ आहे. ब्रिटिश पुस्तक ज्याला 'डबल क्रोशे' म्हणतं, त्यालाच अमेरिकन पुस्तक 'सिंगल क्रोशे' म्हणतं. आपला मराठी 'मुका खांब' मात्र सगळीकडे मुका खांबच राहतो. परदेशी नमुना वहीत उतरवून घेताना साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब असा आपल्या शब्दांत उतरवा. पुढे गोंधळ होत नाही.

दुसरी वस्तू टेप. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, हे आपल्या लक्षात येत नाही. वर्षातून एकदा ती स्टीलच्या पट्टीला लावून बघा. आणि टेपचा खरा उपयोग विणकाम संपल्यावर नाही, सुरू करण्यापूर्वी आहे. चांगला वीतभर चौकोन विणा, तो धुऊन वाळवा आणि मधल्या दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. समजा, नमुन्यात दहा सेंटिमीटरला बावीस टाके सांगितले आहेत आणि छाती नव्वद सेंटिमीटरची आहे. म्हणजे एकूण १९८ टाके. आता तुमचा हात सैल असेल आणि दहा सेंटिमीटरला वीसच टाके बसत असतील, तर तेच १९८ टाके ९९ सेंटिमीटर भरतात. दहा सेंटिमीटरमागे दोनच टाक्यांचा फरक, पण स्वेटर नऊ सेंटिमीटरनं मोठा. चौकोनाला तास-दीड तास लागतो. स्वेटर उसवायचा तर आठवडाभराची मेहनत जाते.

आता खुणेची कडी. सुईवरच्या विणकामात बाहीचे टाके कुठे सुरू होतात, नक्षी कुठे बदलते, तिथे सुईत एक कडी अडकवायची. ती टाक्यांबरोबर या सुईवरून त्या सुईवर सरकत जाते. इथे बंद कडी चालते. दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा छोटा फास केला तरी काम होतं. क्रोशात मात्र कडी उघडता येणारी हवी, कारण ती टाक्यातच अडकवावी लागते. गोल रुमाल विणताना फेरीचा पहिला टाका हरवला की रुमाल एका बाजूला कलायला लागतो. पहिल्या टाक्यात खूण ठेवा, फेरी संपली की ती वर उचला. सेफ्टी पिन वापरणार असाल तर तिच्या खालच्या वेढ्यात दोरा अडकणार नाही एवढं बघा.

रांगा मोजायला सुईत अडकवायचं छोटं मोजणीयंत्र मिळतं. ते छानच आहे. पण मी वर्गात दोन वाट्या आणि मूठभर चिंचोके ठेवते. एक रांग झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. दारात कुणी आलं, कुकरची शिट्टी झाली, पोरगं रडलं, तरी हिशेब चुकत नाही. दोन्ही बाह्या सारख्या लांबीच्या होतात.

टाका निसटला की नव्या मुली घाबरून सगळंच उसवायला लागतात. त्याची गरज नसते. लोकरीचं विणकाम करणाऱ्या प्रत्येकीच्या डब्यात एक क्रोशाची सुई असावी, ती यासाठीच. टाका जिथे निसटला तिथून खाली आडव्या दोऱ्यांची शिडी तयार झालेली असते. क्रोशाची सुई खालच्या फासात घाला, वरचा एक एक आडवा दोरा त्यातून ओढत वर या आणि शेवटी तो फास सुईवर चढवा. पाच मिनिटांचं काम. टाके मुळात निसटू नयेत म्हणून काम बाजूला ठेवताना सुयांच्या टोकांना खोडरबराचे तुकडे खोचा. गळ्याचे टाके बाजूला धरून ठेवायला मोठी पिन मिळते. ती नसेल तर बोथट सुईनं दुसऱ्या रंगाचा दोरा त्या टाक्यांतून ओवून ठेवा.

ही बोथट सुई फार महत्त्वाची. टोक बोथट, नेढं मोठं. स्वेटरचे भाग जोडायला आपण घरातली गोधडी शिवायची सुई घेतो. तिचं अणकुचीदार टोक लोकरीचा धागा फाडत जातं आणि शिवण खरखरीत होते. वेणीची नक्षी विणताना दोन-तीन टाके पुढे किंवा मागे धरून ठेवायला छोटी बाकदार सुई मिळते. ती हाताशी नसेल तर अंबाड्याचा गुळगुळीत आकडाही चालतो.

लोकरीच्या लडीचा गुंडा करताना तो कधी घट्ट गुंडाळू नका. लोकर ताणली जाते, ताणलेलीच विणली जाते आणि धुतल्यावर कपडा आखडतो. दोन बोटांवर गुंडाळा, थोड्या वेळानं बोटं काढून घ्या आणि दिशा बदला. गुंडा घरभर पळू नये म्हणून तो स्टीलच्या गंजात ठेवा. लोकरीवरचं लेबल फेकू नका. त्यावर रंगाच्या नंबराबरोबर रंगवणीच्या खेपेचाही नंबर असतो. रंग तोच पण खेप वेगळी असेल तर पाठीवर पट्टा उमटतो, आणि तोही उन्हात गेल्यावर दिसतो. लागेल तेवढी लोकर एकदम, एकाच खेपेची घ्या.

क्रोशाच्या रुमालाला आकार द्यायला न गंजणाऱ्या टाचण्या आणि थर्माकोलचा तुकडा पुरतो. ओला रुमाल त्यावर ताणून टोचायचा आणि सावलीत वाळवायचा. रुखवतातल्या टोपल्या, बदकं कडक करायला पूर्वी साखरेचं पाणी वापरत. आपल्याकडच्या मुंग्यांना ते फार आवडतं. त्यापेक्षा साबुदाण्याची पातळ खळ बरी.

आता सर्वांत मोलाचं हत्यार, म्हणजे आपला हात. कापूस वेचून आलेल्या बोटांवर वाळलेल्या बोंडाच्या टोकांचे ओरखडे असतात. अशा खरखरीत बोटांत लोकर अडकते. रात्री खोबरेल चोळून झोपा आणि विणायला बसताना हात धुऊन कोरडे करा. उन्हाळ्यात घाम येतो, तेव्हा तळव्यांना थोडी पावडर लावा. बारीक दोऱ्याची क्रोशाची सुई काडीसारखी असते. ती चिमटीत घट्ट धरून अंगठा दुखायला लागतो. तिच्या दांड्यावर सुती कापडाची पट्टी गुंडाळून मूठ जाड करा, पकड आपोआप सैल होते. मोठी शाल विणायची तर गोल सुई घ्या. मधल्या लवचीक तारेमुळे शालीचं वजन मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही. काळी लोकर दिवसाउजेडीच विणा. अर्ध्या तासानं उठून हात मोकळे करा. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

शेवटची वस्तू म्हणजे वही. तिच्याबरोबर स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा. काम सुरू करण्यापूर्वी दोऱ्याचं वजन लिहा, संपल्यावर उरलेल्याचं लिहा. किती दोरा लागला ते कळतं. आणि रोज किती वेळ विणलं, तेही लिहा. हे शेवटचं बहुतेक जणी लिहीत नाहीत.

माझ्या वर्गातली एक ताई एका व्यापाऱ्याला रुमाल विणून द्यायची. तो म्हणायचा, "घरबसल्या फावल्या वेळात तर करता." तिनं महिनाभर वही ठेवली. एका रुमालाला साठ रुपयांचा दोरा, चौदा तास, आणि हातात दोनशे रुपये. दोरा वजा केला तर चौदा तासांचे १४० रुपये, म्हणजे तासाला दहा. २०२४-२५ या वर्षात महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. आठ तासांनी भागलं तर तासाला सदतीस रुपये. डोळे फोडून केलेल्या नाजूक कामाचा दर मातीकामाच्या एक तृतीयांशही नव्हता. वही पुढे ठेवल्यावर व्यापाऱ्यानं एका नक्षीचा दर वाढवला. दोन नक्ष्या तिनंच घेणं बंद केलं. त्या तिला परवडतच नव्हत्या, हे तिला पहिल्यांदा दिसलं.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. आपल्या पैनगंगेचं पाणी वर्धा, प्राणहिता करत गोदावरीला मिळतं. त्याच गोदावरीच्या मुखाजवळ आंध्र प्रदेशात नरसापूर आहे. तिथल्या बायांना एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांकडून क्रोशाची लेस शिकायला मिळाली आणि पुढे तिची निर्यात होऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९८२ साली आलं. या बाया दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, पण त्या घरात बसून करतात म्हणून ते काम मानलंच जात नव्हतं, फावल्या वेळाचा उद्योग मानलं जात होतं. मजुरी कमी राहण्याचं मोठं कारण हेच, असं त्यांनी दाखवलं. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव झालं, हे चांगलंच. पण विणणारीला तासाला काय मिळतं, हे मानांकनाच्या कागदावरून कळत नाही. ते तिच्या वहीतूनच कळायचं.

आणि हिशेबाची ही रीत आपल्याला परकी नाही. शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम सुरू झाली. त्या शाळांत मुलांच्या हाती टकळी होती. वितीएवढं साधं हत्यार. पण किती वेळात किती सूत निघालं, हे मुलं लिहून ठेवत. कष्टाचा हिशेब ठेवणं हा शिक्षणाचाच भाग होता.

सगळ्याच जणी विकण्यासाठी विणत नाहीत. नातवासाठी टोपडं विणणाऱ्या आजीनं तास मोजायची गरज नाही. मात्र जिच्या विणकामावर शाळेची फी, गॅसची टाकी अवलंबून आहे, जी बचत गटाच्या ऑर्डरी घेते, तिच्या डब्यात वही हवीच.

तर मैत्रिणींनो, बिस्किटांचा एक रिकामा डबा घ्या. त्यात टेप, छोटी कात्री, बोथट सुई, क्रोशाची सुई, चार रंगीत दोऱ्यांचे फास, खोडरबराचे दोन तुकडे आणि सुया मोजायची पट्टी ठेवा. वर एक वही आणि पेन्सिल. पहिल्या पानावर आजची तारीख, सुईचे मिलिमीटर, दोऱ्याचं वजन आणि सुरू केल्याची वेळ लिहा. मग खुशाल पहिला टाका घाला.