आपली मुंबई आपण पाहावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी भाषण करायचे म्हणजे मंडळाच्या वर्षभराच्या कार्याचा गौरव करायचा, असा प्रघात आहे. तो गौरव चिटणीसबाईंच्या अहवालात नुकताच झाला आहे आणि तो यथायोग्य झाला आहे. तेव्हा मी त्यात भर न घालता मंडळापुढे एक मागणे ठेवणार आहे. मागणे साधे आहे: ज्या मुंबईत आपला संसार चालतो, ती मुंबई आपण एकदा नीट पाहावी.

कोणी म्हणेल, ‘यात नवे काय? मुंबई आम्ही रोजच पाहतो.’ पण खरोखर आपण काय पाहतो? मंडई पाहतो, मुलांची शाळा पाहतो, दवाखान्याची रांग पाहतो, आणि गाडीच्या खिडकीतून पळणारी स्टेशने पाहतो. गावाहून पाहुणे आले की राणीची बाग, चौपाटी आणि गेट वे असा एक ठरलेला फेरा होतो. त्यातही पाहुण्यांच्या पाण्याची बाटली आणि मुलांच्या चपला सांभाळण्यातच आपला दिवस जातो. ज्या शहराने नाटक, संगीत, चित्रकला आणि स्त्रियांची चळवळ यांना आश्रय दिला, ते शहर आपल्यापैकी कितीजणींच्या ओळखीचे आहे?

पहिली शंका येते ती अशी की, ‘चित्रे-बित्रे आपल्याला काय कळणार?’ भगिनींनो, रांगोळीत कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी खुलतो हे जिला कळते, तिला चित्र कळत नाही हे मी मानायला तयार नाही. काळा घोडा भागात १९५२ साली सुरू झालेले जहांगीर आर्ट गॅलरी हे चित्रदालन आहे. तिथे आत जायला तिकीट नाही, ओळखीची चिठ्ठी लागत नाही, आणि ‘तुम्ही कोण?’ असे कोणी विचारीतही नाही. सगळी चित्रे पाहण्याची घाई करू नये. एखादे चित्र निवडावे, त्याच्यासमोर दहा मिनिटे उभे राहावे आणि शेजारच्या मैत्रिणीला विचारावे, ‘तुला काय दिसले?’ तिला दिसलेले आणि आपल्याला दिसलेले वेगळे निघते, आणि तिथेच खरी गंमत सुरू होते.

या क्षेत्रात आपल्यातल्याच एका बाईने फार पूर्वी वाट पाडून ठेवली आहे. अंबिका धुरंधर यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रीतसर शिक्षण घेतले आणि १९३१ साली पदविका मिळवली. प्रसिद्ध चित्रकार रावबहादूर धुरंधर हे त्यांचे वडील, हे खरे; पण घरात गुरू असूनही त्या शाळेत जाऊन शिकल्या, हे मला महत्त्वाचे वाटते. याच शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आपल्या सर्वांच्या परिचयाच्या एका इमारतीवर फिरला आहे. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात त्या बोरीबंदर स्टेशनच्या दगडी कोरीवकामात त्यांचा वाटा आहे. २००४ साली ती वास्तू जागतिक वारशात गणली गेली. आपण मात्र तिच्याखालून धावत सुटतो, कारण गाडी सुटायला दोनच मिनिटे असतात! एखाद्या दिवशी एक गाडी मुद्दाम सोडावी आणि मान वर करून त्या दगडातली पाने, पक्षी आणि माकडे पाहावीत.

राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात, आपण हत्ती-वाघ पाहून परततो. त्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचे संग्रहालय आहे. ते १८७२ साली लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ साली त्याला डॉक्टरांचे नाव मिळाले. जुन्या मुंबईतल्या लोकांचे पेहराव, त्यांचे व्यवसाय, त्यांची भांडीकुंडी यांच्या मातीच्या लहान लहान प्रतिकृती तिथे मांडलेल्या आहेत. इतिहास म्हणजे केवळ राजांच्या लढाया नव्हेत, पगडी बांधणारा आणि घडे विकणाराही त्यात असतो, हे मुलांना सांगायला याहून चांगली जागा नाही. बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे, तो घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले ते याच हत्तीवरून. मात्र बुधवारी बाग बंद असते, तेव्हा बेत आखताना तेवढे ध्यानात ठेवावे.

आता नाटकाकडे वळू. मुंबईत मराठी नाटकाचा प्रयोग विष्णुदास भावे यांनी १८५३ साली केला. पण त्यानंतर कितीतरी वर्षे रंगभूमीवर सीता आणि द्रौपदी पुरुषच होते. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले आणि त्यात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या. कुलीन घरातल्या बाईने तोंडाला रंग लावावा की नाही, यावर त्या काळी घराघरांत वाद होत. आज आपल्या मंडळाच्या वार्षिक नाटुकल्यात आपण हौसेने मिशा लावून पुरुषांच्या भूमिका करतो, त्यामागे त्या धिटाईचे ऋण आहे. गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह १९६४ साली उभे राहिले, आणि दादरचे शिवाजी मंदिर १९६५ साली. दादरच्याच छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून प्रायोगिक नाटकांची चळवळ बहरली. ‘आविष्कार’ या संस्थेच्या त्या कामात सुलभाताई देशपांडे अग्रभागी होत्या. शाळेच्या सभागृहातही मोठे नाटक होऊ शकते, हे त्या मंडळींनी दाखवून दिले.

गाण्याचेही तसेच आहे. मोगूबाई कुर्डीकर गोव्यातल्या कुर्डीहून निघाल्या, अल्लादियाखाँसाहेबांकडे कष्टाने विद्या घेतली आणि मुंबईत राहून ती विद्या शिष्यांना दिली. त्यांच्या कन्या किशोरीताई आमोणकर याच शहरात घडल्या. एका आईने संसार आणि साधना यांचा मेळ कसा घातला असेल, याचा विचार मनात आला की आपल्या अर्ध्या तासाच्या रियाजाच्या सबबी आपोआप गळून पडतात.

परंतु शहराची संस्कृती केवळ नाट्यगृहात आणि दालनात नसते, ती शेजारात असते. मुंबईचा शेजार किती विविध आहे! गिरगावात खोताच्या वाडीत लाकडी सज्जांची जुनी घरे अजून उभी आहेत. तिथले ईस्ट इंडियन ख्रिस्ती आपल्या घरात मराठीच बोलत आले. मशीद बंदराजवळ १७९६ साली स्थापन झालेले बेने इस्रायल समाजाचे प्रार्थनामंदिर आहे. कोकणातून आलेल्या या यहुदी समाजाची मातृभाषाही मराठी, आणि आपल्या धर्मातल्या कथा त्यांनी मराठी कीर्तनातून गायिल्या आहेत. हे ऐकल्यावर ‘आपली भाषा’ या शब्दाचा अर्थ केवढा विस्तारतो, पाहा. सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते, डिसेंबरात माहीमला उरूस भरतो. गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. एका शहरात हे सारे राहते, आणि आपण मात्र आपल्या इमारतीच्या जिन्याएवढीच मुंबई ओळखतो.

या शहराने स्त्रियांच्या संस्थाही घडवल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली चौपाटीजवळ शारदासदन काढले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. १९०८ साली सेवासदन निघाले. १९५९ साली गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तोच आजचा लिज्जत पापड. गिरणगावात घरापासून दूर राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा’ या महिला मंडळात एकत्र आणले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे हळूहळू थांबले, पण त्या बायकांनी उभे केलेले काम राहिले. भगिनींनो, ही सगळी आपल्यासारखीच मंडळे होती. त्यांचीही सुरुवात सतरंजीवर बसूनच झाली होती.

आता मुद्द्याची गोष्ट बोलते. ‘घरचे कोण पाहणार?’ हा प्रश्न खोटा नाही. आपल्या सभासदांत अशा कितीतरी जणी आहेत, ज्या एकट्या बाहेर निघाल्या तर घरात चार प्रश्न उभे राहतात. ‘मी चित्रे पाहायला जाते’ असे म्हणायची त्यांना चोरी वाटते. औषध आणायचे, भाजी आणायची, लग्नाचा आहेर द्यायचा, अशी काही सबब असेल तरच त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडतो. पण ‘मंडळाचा कार्यक्रम आहे’ म्हटले की सासूबाईही ‘जा’ म्हणतात, आणि साठीच्या आजींना मुलगाही अडवीत नाही. मंडळाच्या नावात ही शक्ती आहे. ती आपण हळदीकुंकवापुरती आणि भिशीपुरती वापरतो. तीच शक्ती एखाद्या अडकलेल्या बाईसाठी दार उघडायला वापरता येईल, हे माझे म्हणणे आहे. स्वतःच्या शहरात केवळ आनंदासाठी हिंडण्याचा हक्क आपल्यालाही आहे, हे तिला एकदा कळू द्या.

म्हणून माझी सूचना अशी. दर महिन्याचा एक शनिवार ठरवावा. दुपारी एक वाजता निघावे आणि दिवेलागणीला घरी यावे. एका वेळी एकच ठिकाण घ्यावे. ज्या घरी तान्हे मूल किंवा आजारी माणूस आहे, तिथे त्या दिवशी दुसऱ्या सभासदाने बसावे, पुढच्या महिन्यात पाळी बदलावी. प्रवेशमूल्य नसलेली ठिकाणे आधी घ्यावीत, म्हणजे पैशाच्या संकोचाने कोणी मागे राहणार नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी जिने कमी असलेली जागा निवडावी. परतल्यावर प्रत्येकीने पाच ओळी मंडळाच्या वहीत लिहाव्यात. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेला मजकूर शोधत फिरावे लागणार नाही!

याला आणखी एक कारण आहे. वाचनालये वाचकांवर आणि नाट्यगृहे प्रेक्षकांवर जगतात. १८९८ साली निघालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते पुस्तक घेऊन जाणाऱ्या आणि वेळेवर परत करणाऱ्या माणसांमुळे. ‘मराठीचे काय होणार?’ अशी चिंता करण्यापेक्षा एका वाचनालयाची वर्गणी भरणे आणि एका नाटकाची चार तिकिटे काढणे अधिक उपयोगाचे आहे.

मुंबईच्या बायकांना वाटेतल्या वेळाचा उपयोग कोणी शिकवावा लागत नाही. १९९२ साली चर्चगेट-बोरिवली मार्गावर खास बायकांची लोकल सुरू झाली. बायकांच्या डब्यात आपण भाजी निवडली, भजने म्हटली, दसऱ्याला तोरणे बांधली. उभे राहायला जागा नसलेल्या डब्यातही ज्यांनी सण साजरे केले, त्यांना महिन्याचा एक शनिवार काढणे जड जाऊ नये.

पहिल्या शनिवारासाठी मी राणीच्या बागेतले संग्रहालय सुचवते. नावे आज, अल्पोपाहार होण्यापूर्वी, चिटणीसबाईंकडे द्यावीत. मात्र एक अट आहे: प्रत्येकीने आपल्या नावापुढे शेजारच्या अशा एका बाईचे नाव लिहावे, जी एरवी कुठेच जात नाही.