‘आधीची नोकरी का सोडली, सिस्टर?’

(महिला मेळाव्यात एका परिचारिका मैत्रिणीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन. तिच्या सांगण्यावरून नाव दिलेले नाही.)



मला भाषणाची सवय नाही. ड्यूटी संपताना ओव्हर देतो तेवढंच आमचं बोलणं. चार नंबरला सलाईन चालू, सात नंबरचा ताप उतरला. तसंच सांगते.

मी जीएनएम झालेली, लातूरकडची. पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलात सहा वर्षं होते. त्या रात्री मेल वॉर्डात २२ पेशंट आणि सिस्टर मी एकटी. माझ्या जोडीदारणीला आयसीयूत पाठवलं होतं. एकाला दम लागला म्हणून मी ऑक्सिजन लावत होते, तेवढ्यात टोकाच्या बेडवरचे आजोबा संडासला जायला आपले आपण उतरले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. बेडचा कठडा मी वर केला होता की नाही, मला आजही नक्की आठवत नाही. तुमच्यापासून काय लपवायचं?

मी रजिस्टरात सगळं लिहिलं. किती वाजता पडले, डॉक्टरांना कधी फोन केला आणि वॉर्डात सिस्टर एकच होती, हेही. सकाळी मेट्रनबाई म्हणाल्या, ती शेवटची ओळ नको, पान नवीन लिही. मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी ‘निष्काळजीपणा’ म्हणून मला काढलं. चौकशी नाही, मेमो नाही, सगळं तोंडी. खोली हॉस्पिटलचीच, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रिकामी करायची. सर्टिफिकिटं ऑफिसच्या कपाटात, कामाला लागतानाच जमा करून घेतलेली. म्हणजे बघा, एका वाक्यात नोकरी गेली, छप्पर गेलं आणि शिक्षणाचा पुरावाही अडकला.

मग सुरू झालं दारोदार फिरणं. पहिल्या ठिकाणी विचारलं, आधीची नोकरी का सोडली? मी म्हटलं, घरची अडचण होती. त्यांनी माझ्यासमोरच जुन्या हॉस्पिटलला फोन लावला. त्या खुर्चीवरून उठून दारापर्यंत जाणं मला अजून आठवतं. पुढे कुठे ‘कळवतो’, कुठे ‘लग्न ठरलंय का? मग लगेच बाळंतपणाची रजा मागशील.’ पुरुष ब्रदरना हे कुणी विचारतं का?

शेवटी ब्युरोतून घरगुती पेशंट घेतला. बारा तास. ब्युरोचं कमिशन आधी कापून. पेशंटबरोबर घरातली भांडीही माझ्याकडे आली. काम हलकं असतं असं मी म्हणत नाही, माझी आई आयुष्यभर तेच करत आली. पण मी शिकले होते ते काम कुणी देत नव्हतं.

तेव्हा एक मावशी मला आपल्या केंद्रावर घेऊन आली. ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘तुझी नोंदणी कुणी केली?’ महाराष्ट्र परिचर्या परिषदेने. ‘मग ती हॉस्पिटल कशी काढून घेणार?’ इतकी साधी गोष्ट, पण मी विसरूनच गेले होते. मालक नोकरीवरून काढू शकतो, नोंदणीवरून नाही. पाच वर्षांनी करायचं नूतनीकरण तेवढं राहिलं होतं, ते आधी केलं.

मग आम्ही चौघी अर्ज घेऊन हॉस्पिटलात गेलो. मूळ सर्टिफिकिटं, अनुभवाचा दाखला, राहिलेला पगार, सगळं लेखी मागितलं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. एकटी गेले होते तेव्हा साहेब मीटिंगमध्ये असायचे. चौघी गेल्यावर सर्टिफिकिटं संध्याकाळपर्यंत मिळाली. दाखल्याला दीड महिना लागला. त्यात कौतुकाचा शब्द नाही, नुसत्या तारखा. तारखा पुरतात.

‘का सोडली’चं उत्तर आम्ही केंद्रावर नाटकासारखं बसवलं. ताई मेट्रन झाल्या, छान खडूस झाल्या! उत्तर एवढंच: पेशंट पडला, मी एकटी होते, तसं लिहिलं, पान बदललं नाही म्हणून काढलं. हे ऐकून दोन ठिकाणी फाईल मिटली. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘आता कठडे बघतेस का?’ म्हटलं, ओव्हर घेतल्यावर आधी तेच.

हॉस्पिटल ३० खाटांचं. पगार १२,००० सांगितला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने २०१६ साली नेमलेल्या समितीचा कागद माझ्या पर्समध्ये होता. ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी परिचारिकेला महिना २०,००० च्या खाली पगार नको, असं त्यात आहे. पण ती पडली शिफारस. केरळात परिचारिका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा २०१८ साली तिथल्या सरकारने २०,००० किमान मूळ पगाराची अधिसूचना काढली. मी कागद टेबलावर ठेवला. १५,००० वर तुटलं. घेतले. खोलीचं भाडं थकलं होतं.

जुन्या वॉर्डात माझ्या जागी आलेली मुलगी २२ वर्षांची आहे म्हणे, आणि रात्रपाळीला एकटीच असते. तिला मी निरोप पाठवलाय, बुधवारी केंद्रावर ये. अजून आलेली नाही.