यंत्र आणि त्याचे सोबती



शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान दिल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. अशा व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, समाजकारण यांवर विद्वानांनी बोलावे, ही आपली रीत. मी प्लास्टिकच्या कारखान्यात वाढलेला माणूस. म्हणून विषयही तिथलाच निवडला आहे. प्लास्टिक घडवणाऱ्या मुख्य यंत्राच्या जोडीला जी साहाय्यक साधने लागतात, ती कशी निवडावीत आणि कशी वापरावीत, एवढेच मला सांगायचे आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु उद्यमबाग अनगोळच्या वेशीला लागून आहे आणि या सभागृहातील अनेकांचा चरितार्थ यंत्रांवर चालतो.

बेळगावला यंत्रविद्या नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली येथे सायकलींचे दुकान काढले आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर येथेच घडवले. १९१० साली ते कुंडलच्या माळावर गेले, पण लोखंडाशी जुळलेले या गावाचे नाते टिकले. लोखंड घडवणाऱ्याला प्लास्टिकचे काम मात्र फसवे सोपे वाटते. दाणे ओतावेत, वितळवावेत, साच्यात दाबावेत आणि निवल्यावर वस्तू काढून घ्यावी. त्यामुळे नवा उद्योजक कर्जाची सारी रक्कम मोल्डिंग यंत्रावर खर्च करतो आणि उरल्यासुरल्या पैशांत ड्रायर, चिलर, ग्राइंडर उरकतो. माझे म्हणणे असे की, यंत्र वस्तूला आकार देते, परंतु तिचा कस पुष्कळ अंशी हे सोबतीच ठरवतात.

प्रथम ओलाव्याचा विचार करू. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन आतून पाणी शोषत नाहीत म्हटले तरी चालेल. नायलॉन, पॉलिकार्बोनेट, एबीएस ही मात्र हवेतील ओल ओढून घेतात. ओले पॉलिकार्बोनेट वितळले की त्या उष्णतेत पाणी त्याच्या लांब रेणूंच्या साखळ्या तोडते. कधी वस्तूवर चंदेरी रेघा उमटतात. त्या निदान दिसतात तरी. कधी वस्तू दिसायला निर्दोष असते आणि गिऱ्हाइकाच्या हातात तडकते. ती विजेच्या उपकरणाचे आवरण असेल, तर त्याची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही.

आता आपला पावसाळा डोळ्यांसमोर आणा. आषाढात अनगोळमध्ये भिंतीसुद्धा घामेजतात. साधा हॉपर ड्रायर हीच हवा आत ओढतो व तापवून दाण्यांतून सोडतो. हवा तापवली म्हणून तिच्यातील पाणी नाहीसे होत नाही. वैशाखात उत्तम निघणारा नायलॉनचा माल त्याच ड्रायरवर आषाढात परत येऊ लागलेला मी पाहिला आहे. दोष कामगाराला दिला गेला, अपराधी हवा होती. अशा मालासाठी हवेतील पाणी आधी शोषून घेणारा डिह्युमिडिफायिंग ड्रायर घ्यावा. त्याच्या हवेचा दवबिंदू उणे ४० अंशांच्या आसपास ठेवतात.

ड्रायरचा आकार हिशेबाने ठरवावा. पॉलिकार्बोनेट १२० अंशांवर साधारण चार तास वाळवावे लागते. यंत्र तासाला १० किलो माल खात असेल, तर ड्रायरमध्ये किमान ४० किलो दाणे मावले पाहिजेत. २५ किलोचा घेतला, तर प्रत्येक दाण्याच्या वाट्याला अडीच तासच येतात. वाळलेला माल उघड्या टोपलीत ठेवणे म्हणजे केलेले काम पुसणे होय.

दुसरा सोबती गारव्याचा. मोल्डिंगच्या एका आवर्तनात बहुधा निम्म्याहून अधिक वेळ वस्तू थंड होण्यातच जातो. म्हणून चिलरचा संबंध थेट उत्पादनाशी आहे. तासाला २० किलो पॉलिप्रॉपिलीन घडवताना दर किलोमागे सुमारे ५०० किलोजूल उष्णता काढावी लागते. म्हणजे तासाला १०,००० किलोजूल, अर्थात पाऊण टनाहून किंचित अधिक क्षमता. यंत्राच्या तेलाची उष्णता वेगळी धरावी आणि थोडी शिल्लक ठेवावी.

पण पाणी जितके थंड तितके बरे, हा समज खोटा आहे. पावसाळी हवेचा दवबिंदू २० अंशांच्या घरात असताना साच्यात ८ अंशांचे पाणी खेळवले, तर साच्याला घाम सुटतो; वस्तूवर डाग पडतात, पोलाद गंजते. तेव्हा पाण्याचे तापमान ऋतूप्रमाणे बदलावे. बोअरवेलच्या जड पाण्याचा क्षार साच्याच्या वाहिन्यांत बसला, तर मोठा चिलरही व्यर्थ ठरतो.

तिसरा सोबती ग्राइंडर. कडबा कापण्याच्या यंत्राचाच हा भाऊबंद. साच्यातून निघालेल्या दांड्या तो कापतो आणि तो चुरा नव्या दाण्यांत मिसळतात. पाती बोथट झाली की चुऱ्याऐवजी धूळ निघते. रंग आणि जाती वेगळ्या ठेवाव्यात, चुऱ्याचे प्रमाण ठरवून घ्यावे, आणि हॉपरमध्ये लोहचुंबक असावाच. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच काम लवकर व्हावे म्हणून तारेने बांधून ठेवलेला मी पाहिला आहे. वीज तुटल्यावरही पाती काही वेळ फिरतच राहतात. ज्या मालकाला ती थांबेपर्यंत धीर नाही, त्याने ग्राइंडर घेऊ नये. वाचलेल्या दोन मिनिटांची बरोबरी कामगाराच्या बोटांशी होत नाही.

म्हणून खरेदीचा विचार उलट्या टोकापासून करावा. आधी माल कोणता, मग आपली हवा आणि पाणी कसे, मग तासाला खप किती. मुख्य यंत्राची रक्कम त्यानंतर ठरवावी. घेतलेल्या साधनांचे गाळणे, पाती, पाण्याच्या वाहिन्या यांची देखभाल नेमून दिलेल्या वारी व्हावी आणि तिची नोंद वहीत असावी.

विद्यार्थी मित्रांनो, बाष्प, दवबिंदू, उष्णता हे शब्द तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहेत. ते परीक्षेपुरते पाठ करू नका; कर्जाचा हप्ता, कामगाराचा हात आणि गिऱ्हाइकाचा विश्वास त्यांवर अवलंबून असतो. ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या पिढीने आम्हांला असेच कारण विचारत शिकायला लावले. ती सवय आपल्या कारखान्यांत रुजावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.