रुग्णवाहिका : दान आणि दायित्व



रुग्णवाहिका घेण्याचा जो ठराव आज सभेपुढे आहे, त्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. मात्र वाहन विकत घेणे हा केवळ आरंभ होय. ते चालते ठेवणे हेच खरे कार्य. आठवड्याचे तास १६८. एका चालकाकडून ४८ तासांहून अधिक काम घेऊ नये म्हटले, तर अहोरात्र सेवेस चार चालक हवेत. शिवाय इंधन, विमा, टायर व प्राणवायू यांचा खर्च आहेच. वाहनावर दात्याचे नाव रंगविता येते, चालकाच्या वेतनावर येत नाही. म्हणून देणग्यांचा ओघ तेथे आटतो.

महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ वाहनांनिशी, शासकीय निधीवर, १०८ क्रमांकाची विनामूल्य सेवा सुरू झाली. अपघात, हृदयविकार, प्रसूती अशा प्रसंगी तिलाच बोलवावे. आपण मात्र डायालिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा जाणारे रुग्ण व शस्त्रक्रियेनंतर घरी परतणारे वृद्ध यांची सोय पाहावी. या फेऱ्या आधी ठरविता येतात. त्यांस चालकही कमी पुरतात.

यास्तव आमची सूचना अशी की, ज्याच्या व्याजातून वेतन भागेल असा कायमनिधी प्रथम उभारावा, गाडी नंतर घ्यावी. हिशेब दरवर्षी याच स्मरणिकेत छापावा. आणि गाडीत घेताना कोणाही रुग्णास त्याची ज्ञाती विचारू नये.