गोळी आणि पंचनामा

नोकरीत असताना दर १२ जानेवारीस मी मुलांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेत असे. एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, शंकर शिवदारेंच्या मरणाची चौकशी कोणी करायची होती?" मी निरुत्तर झालो. 'ठाऊक नाही' म्हणणे शिक्षकास फार जड जाते.

गांधीजींच्या अटकेने क्षुब्ध झालेल्या सोलापुरात ८ मे १९३० रोजी शिवदारे पोलिसांच्या गोळीने पडले. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे व सारडा यांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी झाली.

मुंबई शहरात असा मृत्यू घडता तर कॉरोनर बसता. १८७१ च्या कायद्यान्वये तो ज्यूरीसह प्रेत पाही, साक्षी घेई व मरणाचे कारण ठरवी. १९९९ साली तेही पद गेले. सोलापुरास कॉरोनर कधीच नव्हता. येथे १८९८ च्या फौजदारी संहितेचे १७४ वे कलम: ठाण्याच्या अंमलदाराने शेजारचे निदान दोन प्रतिष्ठित गृहस्थ बोलवावेत, जखमा नोंदवाव्यात, हत्यार कोणते असावे ते लिहावे. म्हणजे गोळी पोलिसांची, पंचनामाही पोलिसांचाच! कोठडीतील मृत्यूची चौकशी मॅजिस्ट्रेटास करावीच लागे. रस्त्यावरील मृत्यूची मात्र त्याच्या मर्जीवर.

पोलीस गोळीबारातील प्रत्येक मृत्यूची मॅजिस्ट्रेटी चौकशी झालीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २०१४ साली, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात. हे मला त्याच विद्यार्थ्याने सांगितले. तो आता वकिली करतो.