दैव आणि स्वभाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



ग्रीक शोकान्तिकेवर बोलणार म्हटल्यावर काहीजणींनी आताच घड्याळाकडे पाहिले असेल! पण आपली सांगली नाटकाची. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ इथेच उभे केले. त्या वेळी सीता पुरुषच होई, आणि सुमारे २४०० वर्षांपूर्वी अथेन्समध्ये राणीचे कामही मुखवटा लावून पुरुषच करी.

सोफोक्लीझच्या इडिपसची कथा पु. ल. देशपांड्यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणली. हा मुलगा बापाला मारील आणि आईशी लग्न करील, असे भाकीत. ते टळावे म्हणून आईबापांनी तान्हे मूल डोंगरात टाकायला दिले. ते वाचले, परक्या घरी वाढले. मोठेपणी भाकीत कानी येताच त्याने तेच आपले आईबाप समजून घर सोडले, आणि नेमके त्या वाटेवर सारे घडले. एवढेच असते तर “कपाळीचे चुकत नाही” म्हणून आपण उठलो असतो.

पण नाटक सुरू होते ते हे सगळे होऊन गेल्यावर. नगरात साथ आहे, आणि राजा म्हणतो, आधीच्या राजाचा खुनी मी हुडकणारच. राणीच्या आधी ध्यानात येते. ती परोपरीने विनवते, आता पुढे विचारू नका. तो थांबत नाही. हे विचारणे काही दैवाने करविले नाही. तो त्याचा स्वभाव, आणि चांगला स्वभाव! ज्या बुद्धीने कोडे सोडवून तो राजा झाला, तिनेच त्याला शेवटी आंधळा केले.

माझे माहेर साताऱ्याचे. राजवाड्यावरून जाताना आजी म्हणे, “प्रतापसिंह महाराजांचं नशीबच फुटकं.” पुढे वाचले तेव्हा निराळेच दिसले. इंग्रजांविरुद्ध कट केल्याचा महाराजांवर आरोप होता. १८३९ साली गव्हर्नर कारनॅक साताऱ्यास आले. कागदावर सही करून दोष पत्करा, गादी राहील, असे सांगणे. महाराजांनी सही केली नाही. गादी भावाला मिळाली. महाराज काशीस गेले आणि तिथेच १८४७ मध्ये वारले. रंगो बापूजी त्यांच्यासाठी विलायतेत सुमारे चौदा वर्षे दाद मागत राहिले. १८४८ मध्ये भाऊ वारले आणि कंपनी सरकारने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. सही न करणे हा महाराजांचा स्वभाव. पण राज्य गिळले ते कंपनीने. तिला दैवाच्या आड लपू देऊ नये.

आपल्या रंगभूमीला मात्र शेवट गोड हवा. हरिपूरच्या देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) जीव द्यायला निघालेली मुलगी ऐन वेळी वाचते. ग्रीक नाटककाराने तिला वाचवले असते का, याची मला शंकाच आहे.

आजीचे लग्न नवव्या वर्षी झाले, नवरा बिजवर. पैसे कुणी किती घेतले ते तिने कधी सांगितले नाही. विचारले की “माझं नशीब” म्हणायची. सांगलीस आली असता तिला मी ‘शारदा’ पाहायला नेले. घरी येईपर्यंत ती बोललीच नाही. पायरीवर चप्पल काढताना म्हणाली, “तिच्या बापाला अडवणारा कुणी भेटला, बरं झालं.”

त्या रात्री नशीब हा शब्द तिच्या तोंडी आला नाही.