मंद्र ध्वनीची तार आणि तिसरी पिन

घरातल्या दिवाणखान्यात चित्रपटगृहाचा अनुभव घेता यावा म्हणून जी ध्वनियंत्रणा बसविली जाते, तिच्यात सर्वांत कमी विचार कशाचा होत असेल, तर तो तारेचा. पडदा, प्रवर्धक, ध्वनिक्षेपक यांची निवड कुटुंबातील सर्वजण मिळून करतात. तार मात्र शेवटी, दुकानातून निघता निघता, दुकानदार देईल ती घेतली जाते. क्वचित याच्या उलटही घडते. तारेने आवाज 'खुलतो' असे कोणी सांगितलेले असते आणि मग एका तारेसाठी काही हजार रुपये मोजले जातात. आजच्या व्याख्यानाचा विषय ही तारच आहे. विशेषतः मंद्र ध्वनी निर्माण करणाऱ्या, म्हणजे बाजारात ज्याला सबवूफर म्हणतात त्या, ध्वनिक्षेपकाकडे जाणारी तार. ती कशी निवडावी, घरातून कशी न्यावी, आणि तिच्या निमित्ताने कोणती चूक कधीही करू नये, एवढ्या तीन गोष्टींचा येथे विचार करावयाचा आहे. उदाहरणासाठी रायपूर शहर घेतले आहे; कारण तेथील माती, तेथील उन्हाळा आणि तेथील वीज या तिन्हींचा या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे.

प्रथम सबवूफरचे कार्य पाहू. काळी एक या स्वरात लावलेल्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सेकंदाला सुमारे ७० वेळा कंप पावते. सबवूफरचे क्षेत्र याच स्वराच्या आजूबाजूला, सेकंदाला साधारण २० ते १२० कंपनांच्या दरम्यान असते. १९७४ साली 'अर्थक्वेक' या अमेरिकन चित्रपटाच्या वेळी भूकंपाचा थरार प्रेक्षकांच्या आसनांपर्यंत पोहोचविण्यासाठी चित्रपटगृहांत प्रचंड आकाराचे मंद्र ध्वनिक्षेपक बसविण्यात आले. १९७७ साली 'स्टार वॉर्स'च्या सत्तर मिलिमीटर प्रतींत मंद्र ध्वनीसाठी वेगळी व्यवस्था होती. पुढे चित्रपटांच्या अंकीय ध्वनिमुद्रणात अशा ध्वनीला स्वतंत्र मार्गिका मिळाली आणि तिची वरची मर्यादा १२० कंपने अशी ठरली. घरगुती यंत्रणेत ज्याला 'पाच पूर्णांक एक' म्हणतात, त्यातील शेवटचा 'एक' म्हणजे हीच मार्गिका होय.

आता विजेकडे वळू. रायपूरच्या ईशान्येस कोरबा येथे मोठी औष्णिक विद्युत केंद्रे आहेत. तेथील जनित्रे मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या घरांतील वीज सेकंदाला ५० वेळा आपली आवर्तने पूर्ण करते, त्याचे मूळ अशा जनित्रांच्या भ्रमणात आहे. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचे जाळे जोडले गेले, तेव्हापासून साऱ्या देशाचे विद्युत्-जाळे एकाच तालावर चालते. या विजेचा अंश कोणत्याही मार्गाने ध्वनियंत्रणेत शिरला, की ५० किंवा १०० कंपनांचा एक अखंड गुणगुणाट ऐकू येतो. लहान ध्वनिक्षेपकांना इतका खालचा स्वर नीट उमटवताच येत नाही, म्हणून त्यांच्यातून तो फारसा जाणवत नाही. सबवूफर मात्र नेमका याच स्वरांसाठी घडविलेला असतो. चोराला घराचा दरवाजा ठाऊक असावा, तशी ही स्थिती आहे. म्हणून सबवूफरच्या तारेबाबत खरा प्रश्न ती आवाजात कोणती भर घालते हा नव्हे. तार कशातही भर घालू शकत नाही. नको ते ती किती प्रमाणात बाहेर ठेवते, एवढाच प्रश्न विचारण्याजोगा आहे.

निवड करण्यापूर्वी सबवूफर कोणत्या जातीचा आहे हे पाहिले पाहिजे. काहींचा प्रवर्धक बाहेर असतो. त्यांच्याकडे जाणाऱ्या तारेतून मोठा प्रवाह वाहतो आणि तेथे तारेच्या जाडीला महत्त्व असते. समजा, दहा मीटर अंतर आहे. जाण्यायेण्याची मिळून वीस मीटर तांब्याची तार झाली. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध सुमारे ०.४ ओहम होईल. चार ओहमच्या ध्वनिक्षेपकाच्या तुलनेत तो दहावा हिस्सा आहे. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर तोच रोध ०.१६ ओहमवर येतो आणि प्रश्न मिटतो. अशी तार विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळते.

आजकालच्या बहुतेक सबवूफरमध्ये मात्र प्रवर्धक पेटीतच बसविलेला असतो. अशा पेटीला दोन तारा लागतात: एक विजेची आणि दुसरी संकेताची. संकेताची तार समाक्ष प्रकारची असते, म्हणजे मध्ये एक वाहक, त्याभोवती विद्युत्-रोधक थर आणि त्याभोवती धातूचे आवरण. या रचनेचे एकस्व ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० साली घेतले होते. महागड्या तारांची जाहिरात करताना धारितेचा उल्लेख हटकून होतो. एका मीटरला १०० पिकोफॅरड धारिता असलेली दहा मीटर तार घेतली आणि तिला संकेत देणाऱ्या यंत्राचा अंतर्गत रोध १००० ओहम इतका मोठा धरला, तरी त्या तारेचा परिणाम जाणवू लागतो तो सेकंदाला सुमारे १,५९,००० कंपनांच्या पुढे. सबवूफरचे काम १२० वर संपते. तारेच्या तथाकथित 'जुळणी'चेही तसेच आहे. १०० कंपनांच्या संकेताची तारेतील तरंगलांबी सुमारे २००० किलोमीटर भरते. रायपूरहून मुंबईस रेल्वेने जाऊन परत येण्याच्या अंतरापेक्षा ती थोडीशीच कमी आहे. एवढ्या लांब तरंगाला दिवाणखान्यातील दहा मीटर तारेची दखल घेण्याचे कारण नाही.

महत्त्व आहे ते बाहेरच्या आवरणाला. दोन यंत्रांच्या धातूच्या सांगाड्यांत विद्युत्-दाबाचा थोडाही फरक असला, तर त्या आवरणातून एक क्षीण प्रवाह वाहू लागतो. समजा, हा प्रवाह दहा मिलिअँपिअर आहे आणि आवरणाचा रोध एक दशांश ओहम आहे. तर एक मिलिव्होल्ट एवढा दाब संकेतात मिसळेल. चित्रपटातील शांत प्रसंगी मूळ संकेतच काही मिलिव्होल्ट उरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. आवरणाचा रोध पाचपट असेल, तर गुणगुणाटही पाचपट होईल. म्हणून तांब्याच्या दाट जाळीचे आवरण असलेली, दोन्ही टोकांच्या पिना घट्ट बसणारी आणि गरजेपुरत्याच लांबीची तार घ्यावी. दूरचित्रवाणीच्या छत्रीसाठी वापरतात ती समाक्ष तारही योग्य पिना लावून चालते. मात्र तिचे आवरण केवळ पातळ ॲल्युमिनिअम पत्र्याचे नसावे, त्यावर दाट जाळी असावी. ही तार ताठ असल्यामुळे कोपऱ्यात तिला तीव्र मोड देऊ नये.

तार नेण्याचा मार्ग ठरविण्यापूर्वी सबवूफरची जागा ठरवावी. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. सबवूफर तात्पुरता ऐकणाऱ्याच्या आसनावर ठेवावा, मंद्र स्वरांचे संगीत लावावे आणि भिंतीच्या कडेने, कान पेटीच्या उंचीवर ठेवून, खोलीभर फिरावे. जेथे आवाज सर्वांत समतोल वाटेल, तेथे सबवूफर ठेवावा; आसनावर बसणाऱ्याला तो तसाच ऐकू येईल. मग सुतळीने प्रत्यक्ष मार्ग मोजावा आणि त्यात वळणांसाठी एखादा मीटर वाढवावा.

मार्ग आखताना विजेच्या तारेपासून निदान एक फूट अंतर राखावे. दोन्ही तारा समांतर धावू देऊ नयेत आणि जेथे ओलांडणे अपरिहार्य असेल, तेथे काटकोनात ओलांडावे. विजेची व संकेताची तार एकाच नळीतून नेणे तर सर्वथा वर्ज्य मानावे; तेथे प्रश्न केवळ आवाजाचा नसून सुरक्षिततेचाही असतो. रायपूरच्या घरांत उन्हाळ्यात खिडकीशी कूलर येतो. त्याच्या पंख्याची व पंपाची तार ज्या भिंतीने जाते, ती भिंत टाळावी. नवे बांधकाम चालू असेल, तर गिलाव्यापूर्वीच पंचवीस मिलिमीटर व्यासाची स्वतंत्र नळी रुंद वळणे देऊन बसवावी आणि तिच्यात ओढण्यासाठी एक दोरी कायमची ठेवावी. आज घातलेली तार उद्या उंदराने कुरतडली, तरी भिंत फोडावी लागणार नाही. पावसाळ्यात ज्या भिंतीला ओल येते, तिच्यात तारेचा जोड ठेवू नये. ओलीने पिना काळवंडतात आणि संपर्क सैल होतो.

एवढी काळजी घेऊनही गुणगुणाट राहिला, तर त्याचे मूळ शोधण्याची रीत ठरलेली आहे. यंत्रे बंद करून सबवूफरच्या बाजूने संकेताची तार काढावी आणि पुन्हा केवळ सबवूफर सुरू करावा. आवाज तसाच राहिला, तर दोष पेटीतच आहे. आवाज गेला, तर तार परत जोडून छत्रीकडून किंवा केबलवाल्याकडून येणारी समाक्ष तार सोडवून पाहावी. आता गुणगुणाट थांबला, तर तो त्या मार्गाने येत होता. छत्रीचा खांब गच्चीवर जमिनीशी एका ठिकाणी जोडलेला असतो आणि घराचे अर्थिंग दुसऱ्या ठिकाणी. या दोहोंत दाबाचा फरक असला, की तारेचे आवरण त्यांच्यामधला पूल बनते. यावर उपाय दोन आहेत. पहिला, सारी यंत्रे एकाच विद्युत्-फळीवरून चालवावीत, म्हणजे त्यांना एकच अर्थिंग मिळेल. दुसरा, संकेताच्या किंवा छत्रीच्या मार्गात त्या कामासाठी बनविलेले अलगक रोहित्र बसवावे. ते संकेत पलीकडे जाऊ देते, पण पूल तोडते.

तिसरा एक 'उपाय' सर्वत्र सांगितला जातो. सबवूफरच्या विजेच्या पिनेतील तिसरी, जाड पिन काढून टाकावी किंवा तिच्यामागची हिरवी तार सोडवावी. हे केल्यावर गुणगुणाट बहुधा तत्काळ थांबतो, आणि या उपायाचा धोका नेमका येथेच आहे. जो उपाय तत्काळ गुण देतो, त्याच्यावर कोणी शंका घेत नाही.

तिसऱ्या पिनेचे प्रयोजन समजून घेतले पाहिजे. पेटीतील विद्युत्-रोधन एखाद्या दिवशी निकामी झाले आणि २३० व्होल्टचा दाब धातूच्या सांगाड्यावर आला, तर तो प्रवाह त्या पिनेमार्गे जमिनीत जातो, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. पिन काढली, की सांगाडा तसाच जिवंत राहतो, आणि त्याला जोडलेले संकेताच्या तारेचे आवरणही. ज्या तारेची आपण इतका वेळ चर्चा केली, तीच तार मग तो दाब प्रवर्धकाकडे, चित्रफलकाकडे, त्यांना जोडलेल्या प्रत्येक धातूच्या भागाकडे घेऊन जाते. ओल्या फरशीवर अनवाणी उभे असलेले मूल त्यांपैकी कोणत्याही भागाला हात लावू शकते. काही उपकरणांना मुळातच दोन पिना असतात. ती दुहेरी रोधनाची असतात आणि त्यांची गोष्ट वेगळी आहे. परंतु ज्या उपकरणाला निर्मात्याने तीन पिना दिल्या आहेत, त्याची तिसरी पिन काढण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पिन शाबूत असणे हेही पुरेसे नाही; तिच्यामागे जमीन असली पाहिजे. येथे रायपूरच्या मातीचा प्रश्न येतो. छत्तीसगढचा शेतकरी आपल्या जमिनीचे भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार असे प्रकार सांगतो. भाटा ही लाल, खडेदार जमीन पाणी धरून ठेवीत नाही. कन्हार काळी व चिकण असून ओल राखते. पण उन्हाळ्यात तीही भेगाळते. माती कोरडी पडली, की तिचा विद्युत्-रोध वाढतो. ज्या खड्ड्यातील अर्थिंग ऑगस्टमध्ये उत्तम ठरते, तेच मे महिन्यात, पारा चाळिसाच्या वर गेलेला असताना आणि घरोघरी पाण्याने भरलेले कूलर चालू असताना, दुबळे झालेले असू शकते. भाटा जमिनीवरील वस्तीत ही शक्यता अधिक. म्हणून अर्थिंगची तपासणी करावयाची तर ती मे महिन्याच्या अखेरीस, परवानाधारक तंत्रज्ञाकडून करावी आणि उन्हाळाभर त्या खड्ड्यात पाणी घालीत राहावे. तात्यापारा किंवा बूढापारा यांसारख्या जुन्या वस्त्यांतील घरांत तर आधी एवढेच पाहावे, की भिंतीतील खटक्याच्या तिसऱ्या छिद्रामागे तार आहे की नाही. वेगवेगळ्या काळी वाढविलेल्या वायरिंगमध्ये ते छिद्र केवळ शोभेचे असू शकते. याखेरीज मुख्य फळीवर तीस मिलिअँपिअरला तुटणारे गळती-रोधक स्विच बसवावे. अर्थिंग असेल, तर गळती सुरू होताच ते तुटते. अर्थिंग नसेल, तर कोणी तरी स्पर्श करीपर्यंत त्याला थांबावे लागते. हा फरक लहान नाही.

सबवूफरची तार ही अशा रीतीने घराच्या साऱ्या विद्युत्-व्यवस्थेची परीक्षा घेते. तिच्यातून ऐकू येणारा गुणगुणाट कधी केवळ तारांच्या मांडणीतील दोष सांगतो, तर कधी घराच्या भूसंपर्कात काही उणे असल्याची सूचना देतो. त्या आवाजाचे कारण शोधून ते दूर करावे. सूचना देणाऱ्याचे तोंड दाबू नये. मध्यम किमतीची, दाट आवरणाची तार, विजेपासून दूर असा मार्ग, सर्व यंत्रांना एकच अर्थिंग आणि शाबूत तिसरी पिन, एवढे साधले की पडद्यावरच्या भूकंपाने दिवाणखाना हादरला, तरी घर सुरक्षित राहील.